डिकोडर कचरा दाखवायलाय? लॉजिक ॲनालायझर नवीन घेतलेल्यांसाठी

परभणीला जिंतूर रोडला आमचं कार्ड रिपेअरिंगचं छोटंसं दुकान आहे, मोबाईल स्टार्टर (फोनवरून शेतातली मोटार चालू करणारे), ड्रिपचे टायमर, पॅनलमधले मीटर, जे येईल ते. आमच्याकडं आयटीआय, डिप्लोमा झालेली पोरं शिकायला येतात आणि लॉजिक ॲनालायझर, म्हणजे वायरीवरचे शून्य-एक लॅपटॉपवर दाखवणारी डबी, हातात आला की पहिल्या आठवड्यात सगळ्यांचा एकच प्रश्न, "दादा, डिकोडर चुकीचं दाखवायलाय, दुसरं सॉफ्टवेअर टाकू का?" नको टाकू बाबा. (डिकोडर म्हणजे सॉफ्टवेअरमधला, त्या शून्य-एकांचे आकडे-अक्षरं करून दाखवणारा भाग.) गेल्या उन्हाळ्यात एका पोरानं एकाच दिवसात पल्सव्ह्यू हे सॉफ्टवेअर तीनदा काढून परत टाकलं आणि गडबड होती भलतीकडंच, ती पुढं सांगतोच.

मी जे लिहायलोय ते पल्सव्ह्यू धरून, कारण ते फुकट आहे आणि स्वस्तात मिळणाऱ्या आठ चॅनलच्या त्या छोट्या डबीवर चालतं. दुसरं कुठलं सॉफ्टवेअर असेल तर बटणं वेगळी, डोकं तेच.

सुरुवातीलाच एक सवय लावून घ्या. डिकोडरनं कचरा दाखवला की कशालाच हात न लावता तोच सिग्नल परत दोनदा कॅप्चर करा आणि बघा की कचरा दर वेळी वेगळा येतो का दर वेळी सेम टू सेम तोच येतो. वेगळा येत असेल तर भानगड खाली आहे, म्हणजे वायर, ग्राउंड, व्होल्टेज नाहीतर सॅम्पल रेट (डबी सेकंदाला किती वेळा बघते तो आकडा). तोच कचरा तसाच परत येत असेल तर वायर बहुतेक ठीक आहे, सेटिंग चुकलंय किंवा समोरचं कार्डच तसं पाठवायलंय. एवढं एक बघितलं की निम्मा शोध तिथंच संपतो, पण पोरं हेच करत नाहीत, डायरेक्ट डिकोडरच्या खिडकीत जाऊन आकडे बदलत बसतात.

हात लावायच्या आधी

स्टार्टरच्या पेटीत ४१५ व्होल्टची थ्री फेज असते हे माहिती असतंच, पण दुसरी गोष्ट बऱ्याच जणांना माहिती नसते. स्वस्तातल्या कितीतरी कार्डांत ट्रान्सफॉर्मर नसतो, नुसता कॅपॅसिटर आणि डायोड लावून सप्लाय काढलेला असतो. अशा कार्डाचा ग्राउंड म्हणजे मेनची लाईनच समजा. आता ॲनालायझरचा ग्राउंड यूएसबीतून सरळ लॅपटॉपच्या ग्राउंडला जातो. म्हणजे तुम्ही काळी वायर लावली की लॅपटॉप गेला, डबी गेली, आणि तुमचा हात लॅपटॉपच्या पत्र्यावर असेल तर पुढचं बोलायला नको. लॅपटॉप बॅटरीवर चालवला तरी शॉकचा धोका टळत नाही. म्हणून आखाड्यावर, म्हणजे शेतात, पेटी उघडून जाग्यावर कॅप्चर घ्यायचा नाद करू नका, गिऱ्हाईक मामा कितीही घाई करू द्या. कार्ड काढून आणा, टेबलावर ठेवा, त्याच्या रेग्युलेटरच्या आधी बाहेरून १२ व्होल्टचा चांगला ॲडॉप्टर द्या आणि मग वायरी लावा.

ग्राउंड, मग लेव्हल

ग्राउंडची वायर लागलीय का? हसू नका. चॅनलची वायर लावली आणि ग्राउंड राहिला तरी स्क्रीनवर काहीतरी हलतंच, म्हणून वाटतं की सिग्नल यायलाय. ते बहुतेक घरातल्या लाईटचे ५० हर्ट्झ असतात, दर २० मिलिसेकंदाला एकदा वरखाली. असं एकसुरी चित्र दिसलं की आधी काळी वायर बघा, आणि वायर लागलेली असली तरी ती आतून तुटलेली नाही ना ते मीटरनं बीप वाजवून बघा. त्या डबीसोबत येणाऱ्या रंगीत वायरींचा काही भरवसा नाही.

मग मल्टिमीटरनं सिग्नलची लाईन रिकामी असताना, म्हणजे तिच्यावर काही जात नसताना, किती व्होल्ट आहे ते बघा. ही डबी साधारण ०.८ व्होल्टच्या खाली शून्य आणि २ व्होल्टच्या वर एक धरते, ५ व्होल्टच्या वरचं तिला द्यायचं नाही. ३.३ चं कार्ड चालतं, सिम ८०० सारख्या सिमकार्डवाल्या जीएसएम मॉड्युलची लाईन २.८ ची असते तीही चालते. पण १.८ व्होल्टवर चालणारी चिप असेल तर डबीला तिचा एक कधी दिसतो कधी नाही, आणि कचरा दर वेळी वेगळा येतो. आरएस २३२ ला, म्हणजे जुन्या सिरीयल पोर्टच्या लाईनला, तर सरळ लावूच नका, तिथं व्होल्टेज उणेमध्ये पण जातं आणि अधिक-उणे १५ पर्यंत असू शकतं. ते व्होल्टेज बदलणाऱ्या मॅक्स २३२ चिपच्या अलीकडच्या बाजूला, जिथं ५ व्होल्टची लाईन आहे, तिथं लावा.

सॅम्पल रेट

बॉड म्हणजे सेकंदाला किती बिट जातात ते. ९६०० बॉडला एक बिट १०४ मायक्रोसेकंदाचा असतो. त्या पोराच्या पल्सव्ह्यूमध्ये सॅम्पल रेट २० किलोहर्ट्झवर पडलेला होता, म्हणजे दर ५० मायक्रोसेकंदाला एकदा बघणं. एका बिटाला दोनच नजरा. एवढ्यात कडा कुठं आहे हे डिकोडरला कसं कळायचं? माझा हिशोब असा की एका बिटाला कमीत कमी दहा सॅम्पल पडले पाहिजेत, चारवर कसंबसं भागतं पण ताण कशाला घ्यायचा. ९६०० ला १ मेगाहर्ट्झ भरपूर झाला. १,१५,२०० बॉडला बिट ८.७ मायक्रोसेकंदाचा, तिथं २ किंवा ४ मेगाहर्ट्झ ठेवा.

मग काही जण म्हणतात सगळीकडं २४ मेगाहर्ट्झच ठेवू की, डबी देतेय तर. तसं पण करू नका. एक तर यूएसबी हबवर किंवा जुन्या लॅपटॉपवर एवढा डेटा झेपत नाही आणि कॅप्चर मधेच थांबतं, दुसरं म्हणजे वायरीवरचा बारीक बारीक खडखडाट पण सिग्नल म्हणून पकडला जातो. आणि रेट वाढवला की सॅम्पलची संख्या पण वाढवायची असते हे विसरू नका, १० लाख सॅम्पल १ मेगाहर्ट्झला एका सेकंदात संपतात. जीएसएम मॉड्युल चालू होऊन बोलायला लागेपर्यंत काही सेकंद जातात, तोवर तुमचं कॅप्चर संपलेलं असतं आणि तुम्ही म्हणता लाईन मेली. दहा सेकंद पाहिजे असतील तर १ कोटी सॅम्पल लावा, नाहीतर चॅनलच्या नावावर क्लिक करून खाली पडणाऱ्या कडेचा ट्रिगर लावा, म्हणजे तशी कडा आली की मगच कॅप्चर चालू होतं.

एक बाईट हातानं वाचा

हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथं वेळ घालवा. डिकोडर लावायच्या आधी झूम करून सगळ्यात अरुंद खाच शोधा, दोन्ही कर्सर तिच्या दोन कडांवर ठेवा आणि वेळ वाचा. तो एक बिट. १ भागिले तो वेळ म्हणजे बॉड रेट, पल्सव्ह्यू कर्सरच्या मधे ते पण लिहून दाखवतं. १०४ आला तर ९६००, २०८ आला तर ४८००, ८.७ आला तर १,१५,२००. कार्डावर काय लिहिलंय, डॉक्युमेंटमध्ये काय लिहिलंय, ते नंतर.

आता त्या पोराची गोष्ट. सेलूकडच्या एका मामांचा मोबाईल स्टार्टर होता, तक्रार अशी की रात्रीच्या लाईटला मोटार फोनवरून बरोबर चालू होते, दिवसाच्या लाईटला मात्र कार्ड फोनच उचलत नाही. मे महिना, पत्र्याची पेटी, दुपारी हात लावला तर चटका बसायचा. पोरानं कार्ड आणि मॉड्युलच्या मधल्या लाईनवर डबी लावली. आधी २० किलोहर्ट्झमुळं दर वेळी वेगळाच कचरा, ते सॅम्पल रेट वाढवून सुटलं. मग कचरा एकसारखा झाला, दर वेळी सी१, डी४, ०डी (हे हेक्स, म्हणजे सोळाच्या हिशोबातले आकडे) आणि तिन्हींवर लाल फ्रेम एरर, म्हणजे बाईटच्या शेवटी स्टॉप बिट सापडला नाही.

मी म्हणलं, थांब, हे आकडे बघ. कार्ड मॉड्युलला पहिलं काय पाठवतं? एटी आणि एंटर. म्हणजे ४१, ५४, ०डी यायला पाहिजे. आलं काय, सी१, डी४, ०डी. ४१ आणि सी१ मधे फक्त सगळ्यात वरच्या बिटाचा फरक आहे, ५४ आणि डी४ मधे पण तोच. बाकीचे सात बिट बरोबर! म्हणजे वायर ठीक, लेव्हल ठीक, फक्त बाईटच्या शेवटी शेवटी डिकोडर घसरायलाय.

मग हातानं वाचलं. इंग्रजी ए हे अक्षर ४१, आणि यूएआर्टमध्ये, म्हणजे एका वायरीवर एकामागं एक बिट पाठवायच्या या पद्धतीत, खालचा बिट आधी जातो. लाईन आधी वर असते. मग एक बिट खाली, हा स्टार्ट. मग एक वर, मग पाच खाली, मग एक वर, एक खाली, आणि परत वर तो स्टॉप. चित्रात अगदी तसंच होतं. पण कर्सर लावला तर बिट १०४ चा नाही, १११ मायक्रोसेकंदाचा! म्हणजे ९००९ बॉड. डिकोडरला ९६०० सांगितलेलं, तो स्टार्टच्या कडेपासून मोजत प्रत्येक बिटाच्या मधोमध बघतो. आठव्या बिटापर्यंत पोचता पोचता तो एवढा पुढं गेला की आठवा म्हणून त्यानं सातवाच परत वाचला, आणि स्टॉप म्हणून आठवा वाचला, तो शून्य होता म्हणून फ्रेम एरर. पल्सव्ह्यूच्या बॉडच्या खान्यात यादीतलाच आकडा पाहिजे असं काही नाही, ९००९ टाईप केलं आणि लगेच ४१, ५४, ०डी, एकही लाल नाही.

पोरगं खूश झालं, की सुटलं. सुटलं काय रे, डिकोडर सुटला, मामाचं कार्ड कुठं सुटलं? जीएसएम मॉड्युल ९६०० ला फिक्स केलेलं होतं, त्याला पण हे असंच उलटं ऐकू येत होतं. कार्डावर अचूक ठोका देणारा क्रिस्टल नव्हता, मायक्रोकंट्रोलर आतल्या आरसी ऑसिलेटरच्या ठोक्यावर चालत होता. हा ऑसिलेटर मुळातच काही टक्के इकडंतिकडं असतो, काही चिपच्या डेटाशीटमध्ये तर कारखान्यात कॅलिब्रेट केल्यावर पण १० टक्क्यांपर्यंत लिहिलेलं असतं, आणि तापला की आणखी सरकतो. रात्री थंडाव्यात कसाबसा बसायचा, दुपारी बाहेर जायचा. ते कॅप्चर कार्ड बनवणाऱ्याला पाठवलं, त्यानं प्रोग्राममध्ये कॅलिब्रेशनचा आकडा बदलून दिला. म्हणजे डिकोडर पहिल्यापासून खरंच बोलत होता, की हे ९६०० नाहीये म्हणून.

यूएआर्टची बाकीची सेटिंग

लाईन रिकामी असताना वर पाहिजे. ती खाली दिसली तर सिग्नल उलटा आहे, डिकोडरमध्ये इन्व्हर्टचा पर्याय आहे तो लावा. मधे ऑप्टोकपलर (उजेडानं सिग्नल पलीकडं देणारी चिप) असेल तर हे बऱ्याचदा होतं. पीसी ८१७ सारखा ऑप्टो जास्त बॉडला हळू पण पडतो, कडा एका बाजूला लांबतात आणि एक लहान, तर शून्य मोठा दिसायला लागतो, मग एकट्या खाचेवरून बॉड काढू नका, पडणाऱ्या कडेपासून पडणाऱ्या कडेपर्यंत मोजा आणि तेवढ्यात बिट किती झाले त्यानं भागा.

कॅप्चर एखाद्या बाईटच्या मधोमध चालू झालं तर डिकोडर मधल्याच कुठल्यातरी पडणाऱ्या कडेला स्टार्ट समजतो. सलग डेटा असेल तर लांबपर्यंत उलटंसुलटं चालतं आणि मधे शांतता आली की आपोआप सुधरतं. म्हणून आधी कॅप्चर चालू करा, मग कार्डाला सप्लाय द्या.

ईएसपी ८२६६ या वायफाय चिपवाल्यांसाठी एक, सुरुवातीचे एकदोन ओळींचे बूटचे मेसेज ७४,८८० बॉडला येतात आणि पुढचं तुमच्या प्रोग्रामप्रमाणे. सुरुवात कचरा, पुढं सगळं बरोबर, असं असेल तर काहीच बिघडलेलं नाही. आणि अक्षरं दिसायची सोडून आकडेच दिसायलेत म्हणून घाबरू नका, डेटा फॉरमॅट हेक्सवर आहे, आस्कीवर (अक्षरांवर) करा.

आय टू सी

चिपा एकमेकींशी बोलतात ती ही दुसरी पद्धत. इथं क्लॉक (ठोका) आणि डेटा अशा दोन वायरी असतात आणि त्या उलट्या लागतात, त्यात लाज काही नाही. जिथं एकसारखी नऊ नऊ खाचांची रांग दिसते ती क्लॉक. ड्रिपच्या टायमरमध्ये डीएस ३२३१ घड्याळ असतं, त्याचा पत्ता डिकोडर हेक्समध्ये ६८ दाखवतो आणि कुणाच्यातरी प्रोग्राममध्ये डी० लिहिलेलं असतं. दोन्ही एकच. सात बिटांचा पत्ता एक घर डावीकडं सरकवला आणि शेवटी लिहायचा-वाचायचा बिट जोडला की ६८ चा डी० होतो. डिकोडरमध्ये पत्ता सरकवलेला दाखवायचा का नाही हे निवडता येतं.

नॅक, म्हणजे पोच मिळाली नाही असा बिट, दिसला की लगेच चिप मेली म्हणू नका. पत्त्याच्या नंतर नॅक आला तर तिकडं कुणी नाही, हे खरं. पण वाचताना शेवटच्या बाईटनंतरचा नॅक मास्टर (विचारणारा मायक्रोकंट्रोलर) स्वतः देतो, आता बस झालं म्हणून, तो रोजचाच आहे. एका पोरानं याच्यापायी चांगलं घड्याळ उपटून नवीन टाकलं होतं, तिथं पण तोच नॅक!

कधी कधी एकाच क्लॉकचे दोन मोजले जातात आणि सगळे बिट सरकतात. बाहेरचा पुलअप (लाईन वर ओढून धरणारा रेझिस्टर) नसेल, नुसत्या चिपच्या आतल्या पुलअपवर काम चाललं असेल, तर लाईन हळूहळू वर चढते आणि मधल्या टप्प्यावर डबी तिला शून्य-एक-शून्य-एक असं वाचते. ४.७ केचा रेझिस्टर लावा, वायरी आखूड करा, आणि सॅम्पल रेट जरा खाली आणा.

घड्याळातला टायमिंग वाचायचा असेल तर आय टू सीच्या वर डीएस १३०७ चा डिकोडर चढवा, पहिले सात रजिस्टर दोन्ही चिपमध्ये जवळपास सारखेच आहेत. पण खालचा डिकोडर चुकत असताना वरचा चढवू नका, आधी खालचा सुधरा.

एसपीआय या तिसऱ्या पद्धतीबद्दल थोडक्यात, चिप सिलेक्टची वायर लावाच. ती नसली की डिकोडरला बाईट कुठं सुरू झाला कळत नाही आणि एक बिट जरी सरकला तरी पुढचं सगळं सरकतं. क्लॉक रिकामा असताना वर का खाली ते चित्रात बघून ठेवा, राहिली कडा, ती पहिली का दुसरी, दोन्ही लावून बघा, दोनच तर आहेत.

मॉडबस

मॉडबस म्हणजे कारखान्यातली मशीनं ए आणि बी अशा दोन वायरींवर एकमेकांशी बोलतात ती भाषा. मीटर, व्हीएफडी (मोटारीचा वेग बदलणारा ड्राईव्ह), वाळूजकडच्या कंपन्यांतली पोरं ज्याच्यात अडकतात ते हेच. ए आणि बी वायरीला डबी लावायची नाही, त्या दोघींतला फरक म्हणजे सिग्नल आहे. त्या वायरींना जोडलेल्या मॅक्स ४८५ चिपच्या पहिल्या पायावर, म्हणजे आरओवर (वायरीवरून आलेलं बाहेर पडतं तिथं) लावा. पण आपलंच कार्ड बोलत असताना बऱ्याच सर्किटमध्ये आरओ बंद असतो, लाईन अधांतरी, म्हणून प्रश्न दिसत नाही नुसतं उत्तरच दिसतं किंवा मधे फालतू बाईट दिसतात. दुसरा चॅनल चौथ्या पायावर, डीआयवर (आपलं कार्ड पाठवतं तिथं) लावा. एक आरएक्स, एक टीएक्स, मग वर मॉडबस चढवा आणि त्याच्यात मास्टर कुठल्या चॅनलवर बोलतो ते बरोबर निवडा.

आता पॅरिटी, म्हणजे बाईटच्या शेवटी जोडलेला तपासणीचा बिट. ईव्हन म्हणजे तो धरून एकांची संख्या सम. मॉडबसच्या नियमात मूळ ईव्हन पॅरिटी आहे, पण बाजारातली किती तरी मीटरं विनापॅरिटी येतात, म्हणून पोरं डिकोडरला नन लावतात. समजा लाईनवर जायलंय ०१ ०३ ०० ०० ०० ०१ ८४ ०ए, शेवटचे दोन सीआरसी (सगळ्या मेसेजच्या तपासणीचा आकडा). डिकोडर दाखवेल की आकडे सगळे बरोबर पण काही बाईटला फ्रेम एरर, आणि तो पण दर वेळी त्याच बाईटला. कोणत्या? ०३, ००, ८४, ०ए ला लाल, दोन्ही ०१ ठणठणीत. कारण ०१ मध्ये एकच एक आहे, ईव्हन करायला पॅरिटी बिट एक होतो आणि डिकोडर त्यालाच स्टॉप समजून पुढं जातो. ०३ मध्ये दोन एक आहेत, पॅरिटी शून्य, म्हणून बोंब. असा ठरावीक बाईटवरच लाल दिसला की डोळे झाकून पॅरिटी बदला.

डिकोडर यादीतच नाही

हे क्वचित. डबीच दिसत नसेल आणि विंडोज असेल तर झाडिग नावाच्या टूलनं विनयूएसबी ड्रायव्हर टाका. कुणी दिलेला डिकोडर स्वतः टाकला असेल तर त्याचं वेगळं फोल्डर पाहिजे आणि आतमध्ये पायथनच्या दोन्ही फायली पाहिजेत, नुसती पीडी डॉट पाय टाकून भागत नाही. फार जुना असेल तर तो एपीआयच्या (डिकोडर सॉफ्टवेअरशी जुळवायच्या नियमांच्या) दुसऱ्या व्हर्जनचा असतो, आत्ताचं सिग्रोक (पल्सव्ह्यूच्या मागचं सॉफ्टवेअर) तिसरं मागतं. यादीत दिसतो पण लावल्यावर नुसती लाल ओळ येते असं असेल तर एखादा आवश्यक चॅनल निवडायचा राहिला असेल, आणि तेही नसेल तर सेटिंगमध्ये लॉगिंगचं पान आहे, तिथं लेव्हल वाढवून परत लावा, पायथन कुठल्या ओळीवर अडलं ते तिथं येतं.

कुणाला मदत मागायची तर स्क्रीनचा मोबाईलवर काढलेला फोटो पाठवू नका राव, त्याच्यात कर्सर लावता येत नाही. कॅप्चर सेव्ह करून ती फाईलच पाठवा, आणि सोबत चार गोष्टी लिहा, कुठल्या चॅनलला कार्डाचा कुठला पाय लावला, सप्लाय किती व्होल्ट, लाईन रिकामी असताना मीटरवर किती, आणि एक बिट किती मायक्रोसेकंदाचा मोजला. चौथा आकडा नसेल तर मी आधी तोच विचारणार.